देवी

देवी : स्त्रीरूपातील देवतेचा वाचक शब्द. संस्कृतातील ‘दिव्’ (प्रकाशणे) या धातूशी संबद्ध असलेल्या ‘देव’ या शब्दाचे हे स्त्रीलिंगी रूप होय. संस्कृत नाटकांत अभिषिक्त राणीलाही ‘देवी’ असे संबोधिले जाते. ‘देवता’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या स्त्रीलिंगी असला, तरी तो देव आणि देवी या दोहोंसाठी योजतात. ‘दैवत’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे. त्यामुळे केवळ स्त्रीदेवतेचा निर्देश करावयाचा असल्यास मराठीत ‘देवी’ हाच शब्द नेमका ठरतो.

पर्यायी शब्द : भगवती, ईश्वरी, शक्ती, जगदंबा हे शब्द मुख्यतः ग्रंथ, स्तोत्रे व आरत्या यांत आढळतात. नित्य व्यवहारात मात्र आई, बाई, माउली अशी नात्याची वा आदराची नावे रूढ आहेत. विठोबा, खंडोबा, म्हसोबा या देवनामांतील ‘बा’ हा ज्याप्रमाणे पितृवाचक, त्याप्रमाणे यमाई, मेसाई, सटवाई यांतील ‘आई’ ही मातृवाचक होय. अंबाबाई, काळूबाई यांसारख्या नावांत आदरार्थी ‘बाई’ येते. अशा नावांत कित्येकदा जुने संस्कृत शब्द दडलेले असतात : सटवाईचा संबंध षष्ठीशी, जाखाईचा यक्षीशी, तर जलाशयाजवळ पूजिल्या जाणाऱ्या साती आसरांचा अप्सरांशी जोडला जातो.

मुंबईतील स्थलनामे : मुंबई या नावाची प्रचलित व्युत्पत्ती मुंबा + आई अशी आहे. कोळी समाज या देवीस विशेष मानतो. तिचे मूळ देऊळ बोरीबंदर परिसरात होते, असे सांगितले जाते. विद्यमान देऊळ झवेरी बाजाराजवळ आहे. १९९५ मध्ये ‘बॉम्बे’ ऐवजी ‘मुंबई’ हे नाव अधिकृत झाले. काळबादेवी, महालक्ष्मी, प्रभादेवी ही वस्त्यांची नावे त्या त्या देवळांवरून पडली आहेत. गिरगावलगतच्या गावदेवीच्या बाबतीत तर ग्रामदेवता हे सामान्यनामच विशेषनाम झाले. गाव नाहीसे होऊन महानगर उभे राहिले, तरी शब्दात ते टिकून आहे. दादर भागात जाखादेवीचे, तर वरळीच्या कोळीवाड्यात गोलफादेवीचे देऊळ आहे. परळ येथे १९३१ मध्ये रस्त्याच्या कामात सापडलेले प्राचीन शिल्प शिवाचे असूनही, ज्या देवळाच्या आवारात ते आहे ते बारादेवीचे म्हणूनच ओळखले जाते. २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोड या रेल्वेस्थानकास प्रभादेवी हे नाव देण्यात आले.

रोगवाचक अर्थ : मराठीत ‘देवी’ हा शब्द एका प्राणघातक साथीच्या रोगासाठीही रूढ झाला. मोल्सवर्थच्या मराठी–इंग्रजी कोशातही या अर्थाची नोंद आहे. भयंकर गोष्टीचे नाव थेट न उच्चारता तिला आदराने संबोधावे, या लोकरीतीतून हा प्रयोग आला असावा. दाहक रोगाच्या अधिष्ठात्रीस ‘शीतला’ म्हणणे हेही याच रीतीचे उदाहरण होय. माहीम येथे शीतलादेवीचे प्रसिद्ध देऊळ आहे. पटकी व तत्सम साथींशी मरीआई व जरीमरी यांची नावे निगडित आहेत. रोगाच्या अर्थी हा शब्द अनेकवचनी योजतात : मुलाला देवी ‘आल्या’. रोग हे देवीचे आगमन मानल्याने पुष्कळ घरांत औषधोपचारापेक्षा कडुलिंबाचा पाला, सोवळे व नवस यांवर अधिक भर दिला जाई आणि त्याची किंमत अनेकदा मुलांना मोजावी लागे.

तथापि रोगाच्या प्रतिबंधासही लोकांनी तेच नाव दिले, ही गोष्ट लक्षणीय आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस भारतातील पहिली देवीची लस टोचण्यात आली. पुढे ‘देवी काढणे’, ‘देवी टोचणे’ हे वाक्प्रचार घरोघर रुळले. ज्या नावाने लोक रोगापुढे हात जोडीत, त्याच नावाने ते मुलाचा दंड लसीसाठी पुढे करू लागले. भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला, १९७७ मध्ये देश रोगमुक्त ठरला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. त्यानंतर हा अर्थ व्यवहारातून ओसरत गेला; वडीलधाऱ्यांच्या दंडावरील वण हीच त्याची उरलेली खूण होय.

सद्यःस्थिती : ‘देवी बसणे’ हा प्रयोग आज नवरात्रातील प्रतिष्ठापनेसाठी रूढ आहे. लालबाग–परळच्या कारखान्यांत गणेशमूर्तींप्रमाणे देवीच्या मूर्तीही घडविल्या जातात. गिरण्यांत कामासाठी कोकण व घाटावरून आलेल्या कुटुंबांनी आपापल्या कुलदेवता व ग्रामदेवता यांच्याशी नाते राखले. गिरण्या बंद पडल्यावरही जत्रेस गावी जाण्याचा त्यांचा प्रघात चालू राहिला आणि त्या प्रवासाच्या बोलण्यात ‘देवी’पेक्षा ‘आई’ हाच शब्द अधिक ऐकू येतो.