पाणी चढतं तेव्हा मन काय शिकतं?

शिरोळ तालुक्यात नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी देवळात शिरतं आणि पादुकांवरून वाहत दक्षिण दारानं बाहेर पडतं, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो. त्या पाण्यात स्नान करायला भाविक लांबून येतात. ऑगस्ट 2019 मध्ये याच कृष्णा-पंचगंगेनं गावंच्या गावं वेढली आणि जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच झालं. नदी तीच. पण घर सोडून बोटीत चढलेल्या माणसाच्या छातीत पुढं साध्या पावसानंही धडधड सुरू होऊ शकते.

अशी भीती मन शिकलेलं असतं, आणि शिकलेल्यावर नवं शिकता येतं. वर्तनोपचाराचा सगळा डोलारा एवढ्याच गोष्टीवर उभा आहे. 1920 मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती अक्षरशः शिकवली. मुलानं उंदराला हात लावला, की मागं लोखंडी कांबीवर हातोडा! आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही. चारच वर्षांनी मेरी कव्हर जोन्स यांनी हे चक्र उलटं फिरवलं. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या चिमुरड्याला त्या आवडीचं खायला देत आणि ससा हळूहळू जवळ आणत. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

यातूनच पुढं वेगवेगळ्या वाटा फुटल्या. दक्षिण आफ्रिकेच्या जोसेफ वोल्पे यांनी 1958 मध्ये पायरी-पायरीची पद्धत मांडली: आधी अंग सैल सोडायला शिकायचं, मग भीतीची यादी करून खालून वर चढायचं. शिरोळच्या एखाद्याची यादी अशी होईल: पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचं रेकॉर्डिंग, पुराचे जुने फोटो, उन्हाळ्यात घाटावर बसणं, पावसाळ्यात पुलावरून जाणं. दुसरी पद्धत थेट वरची पायरी गाठते आणि भीती ओसरेपर्यंत तिथंच थांबवते, अर्थात रुग्णाच्या संमतीनं. एक काका पाठीला डबा बांधून पोहायला शिकवतात, दुसरे सरळ विहिरीत उतरवतात, तसंच हे.

गंमत अशी, की पुढच्या अभ्यासांत अंग सैल सोडण्याचा भाग गाळला तरी गुण येतोच असं दिसलं. खरं काम सामोरं जाण्यानंच होत होतं. त्याहून थक्क करणारी गोष्ट मिशेल क्रॅस्के यांच्यासारख्या संशोधकांनी पुढं आणली: जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘आलो, थांबलो, काही झालं नाही’ अशी नवी आठवण तयार होते आणि दोघींची चढाओढ चालते. म्हणून सराव एकाच घाटावर करून भागत नाही. तो दिवसा, रात्री, एकट्यानं, वेगवेगळ्या जागी करावा लागतो. यात एक पथ्य मात्र पक्कं. इशारा आल्यावर घर सोडायला लावणारी भीती शहाणी असते, तिला हात लावायचा नाही. उपचार करायचा तो ऊन पडलेलं असतानाही झोप उडवणाऱ्या भीतीवर.

उदासीची वाट वेगळी. ऊस कुजला, गोठा रिकामा झाला, की माणूस पारावर जायचंही सोडतो. ‘मन लागलं की करीन’ म्हणतो आणि मन काही लागत नाही. पीटर लुइनसोन यांच्या विचारातून वाढलेली सक्रियतेची पद्धत हा क्रम उलटा करते: आधी ठरल्या वेळी छोटं काम, मन मागून येईल. अल्बर्ट एलिस यांची ‘आरईबीटी’ आधी विचार तपासते. ती मराठी माणसांपर्यंत नेली डॉ. कि. मो. फडके यांनी. मग विचार न तपासता नुसती कृती पुरेल का? 1996 मध्ये नील जेकबसन यांच्या गटानं अमेरिकेत नैराश्यावरचा विचार-वर्तनोपचार सुटा करून पाहिला. नुसत्या कृतीचा भाग पूर्ण उपचाराच्या तोडीस तोड निघाला.

याची मोठी परीक्षा आपल्या शेजारी गोव्यात झाली. ‘संगाथ’ संस्थेनं 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 495 रुग्णांवर चाचणी घेतली. समुपदेशक मानसोपचाराची पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक लोक होते आणि भेटी फार तर सहा ते आठ. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी 64 टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी 39 टक्के.

तेव्हा भीती असेल तर सामोरं जाणं, उदासी असेल तर आधी हालचाल, आणि ‘माझं सगळं संपलं’ हा विचार सुटत नसेल तर त्याची झडती. उपचारकाकडे गेलात, तर यातली कोणती वाट धरताय आणि का, हे जरूर विचारा. पावसाळ्याआधी कागदपत्रांची पिशवी भरताना त्यात टेलिमानसचा 14416 हा नंबरही लिहून ठेवा. मानसिक आरोग्यासाठीची ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथं मराठीत बोलता येतं.