शब्दांशिवाय हसवणारे शि. द. फडणीस

आज आम्ही तुम्हाला एका चित्रकाराची ओळख करून देणार आहोत. मराठी शाळेत गेलेल्या तुमच्यातल्या काही जणींनी त्यांची चित्रं पाहिलीही असतील, फक्त नाव ठाऊक नसेल. एके काळी प्राथमिक शाळेच्या गणिताच्या पुस्तकात गमतीची चित्रं असायची. ती काढणारे शि. द. फडणीस.

शिवराम दत्तात्रेय फडणीस यांचा जन्म २९ जुलै १९२५ चा. गाव भोज, बेळगाव भागातलं, म्हणजे आजच्या कर्नाटकातलं. शाळा कोल्हापुरात झाली आणि चित्रकलेचं शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. 'हंस' आणि 'मोहिनी' मासिकांचे संपादक अनंत अंतरकर यांनी त्यांच्यातली गंमत हेरली. १९५० नंतर त्यांची रंगीत चित्रं या मासिकांच्या मुखपृष्ठावर येऊ लागली. पुढं कित्येक वर्षं दिवाळी अंक म्हटलं की लोक आधी फडणीसांचं मुखपृष्ठ बघत.

'मोहिनी'चं एक मुखपृष्ठ फार गाजलं. एक तरुण आणि एक तरुणी. त्याच्या शर्टावर मांजरांचे छाप, तिच्या साडीवर उंदरांचे. बस, एवढंच! खाली एक ओळसुद्धा नाही. चित्रात काही घडतही नाही. जे काही घडतं ते बघणारीच्या डोक्यात. आम्ही हे चित्र एका गटात तोंडी सांगितलं, तेव्हा हजेरीला अंगठा लावणाऱ्या एक आजी सगळ्यांआधी हसल्या. म्हणाल्या, "ह्यांचं लगीन झालं तर एका कपाटात कापडं कशी ऱ्हातील?" पुढची गोष्ट आजींनीच रचली.

फडणीसांच्या चित्रांचं मर्म इथं आहे. शब्द नसल्यामुळं शिकलेली आणि न शिकलेली एका पातळीवर येतात. चित्रात गर्दी नसते, रेष स्वच्छ असते आणि एकच वस्तू भलत्या जागी असते. ती सापडली की हसू येतं. त्यासाठी नजर लागते, आणि तांदळातला खडा वेचणाऱ्या आपल्या बायकांना ती कमी नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला त्याहून मोलाची वाटते. अशा चित्रांना सगळे व्यंगचित्र म्हणतात, पण फडणीसांच्या चित्रांना हास्यचित्र हा शब्द शोभतो. कुणाचं व्यंग काढून, कुणाला खाली पाडून ते हसवत नाहीत. आपल्या मोबाईलवर रोज येणारे विनोद आठवा. बायको जाडी, सासू खाष्ट, सून आळशी. ज्या बाईवर तो विनोद असतो तिला हसू येतं का? फडणीसांच्या चित्रात जिच्यावर गंमत केलीय तीही हसू शकते.

१९६५ साली मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत त्यांच्या चित्रांचं 'हसरी गॅलरी' हे प्रदर्शन भरलं. हास्यचित्र म्हणजे मासिकातला कोपरा भरायची वस्तू, असं तेव्हा बरेच जण समजत. ती भिंतीवर मानानं लागली. 'रेषाटन' या पुस्तकात त्यांनी आपला प्रवास सांगितलाय. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली.

आता आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या गटांचं बघू. बैठकीच्या खोलीत किती तक्ते लावलेले असतात! अक्षरांनी गच्च भरलेले, नाहीतर दारुडा नवरा आणि रडणारी बाई. वाचता न येणारी बाई तिकडं बघतही नाही, आणि जिच्या घरी तेच चाललंय ती मान खाली घालते. कर्जाचा हप्ता, व्याज, बचत हे सगळं अशा तक्त्यातून तिच्यापर्यंत पोचायचं कसं?

म्हणून पुढच्या बैठकीसाठी प्रत्येक गटानं हप्त्यावर एक गमतीचं चित्र काढून आणा. कुणाच्या पोरीनं, नातवानं काढलं तरी चालेल. त्यावर एक अक्षरही लिहू नका. चित्र दाखवल्यावर अध्यक्ष, सचिवांनी लगेच अर्थ सांगायचा नाही. ज्या सह्या करत नाहीत, त्यांनी आधी बोलायचं.