दोनशे मीटर खाली पोचलेलं चेर्नोबिल

प्लवकांचं जाळं बोटीवर ओढून घेतलं, की टोकाच्या बरणीत पातळ पेजेसारखं काहीतरी जमलेलं असतं. त्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कोपेपॉड नावाचे इवले जीव दिसतात. मिलिमीटरभराचे, आरपार दिसणारे, लांब मिशांचे. मी तासन्‌तास बघत राहते ते त्यांचं आतडं. खाल्लेलं एकपेशीय शेवाळ त्यात तपकिरी होत मागे सरकतं आणि पातळ आवरणात गुंडाळलेली लांबट लेंडी बाहेर पडते. पडते ती बुडतेच.

शेवाळाच्या इवल्याशा पेशीचा पृष्ठभाग तिच्या आकाराच्या मानानं फार मोठा. म्हणून समुद्रात पडलेल्या किरणोत्सारी धुळीतलं प्लुटोनियम, सेरियम तिला चटकन लगडतं. पेशी मेलेली असली तरी. प्लुटोनियमचं प्रमाण तर भोवतीच्या पाण्याच्या लाखपटीत जातं. सिझियम बहुतांशी विरघळलेलंच राहतं, त्याची वाढ वीसेक पटींवर थांबते. पुढे ही पेशी कोपेपॉड खातो.

26 एप्रिल 1986 ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. मेच्या सुरुवातीला तिची धूळ भूमध्य समुद्रावर उतरली. कॉर्सिकाजवळ 200 मीटर खोलीवर मोनॅकोच्या आंतरराष्ट्रीय सागरी प्रयोगशाळेच्या संशोधकांचा सापळा आधीपासूनच लावलेला होता. वरून पडेल ते नरसाळ्यात झेलायचं आणि ठरावीक दिवसांनी खालची बाटली आपोआप बदलायची, एवढंच त्याचं काम. नुसती बारीक धूळ एवढं अंतर बुडायला महिने घेते. पण जेमतेम आठवड्याभरात बाटलीतला किरणोत्सार उसळला, आणि त्या बाटलीत मुख्यतः होत्या कोपेपॉडांच्या लेंड्या! त्या संशोधकांपैकी स्कॉट फाउलर आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये हे प्रसिद्ध केलं. त्याच समुद्रातल्या कोपेपॉडांच्या अंगात सापडलं त्याहून कितीतरी जास्त सेरियम, झिर्कोनियम, रुथेनियम त्यांच्या लेंड्यांत होतं. जीव खात होता, टाकत होता, आणि वरचं पाणी त्या मूलद्रव्यांपुरतं निवळत होतं.

अपघातानंतर आपण आधी मासे मोजतो. खाणाऱ्यांच्या काळजीपोटी ते बरोबरच आहे. पण समुद्राचं काय झालं हे जाणायचं तर सापळे आधीपासून पाण्यात हवेत, असं मला कळकळीनं वाटतं. अपघात झाल्यावर सापळा घेऊन निघणाऱ्याच्या हाती तो पहिला आठवडा लागत नाही.

सिझियमला मात्र लेंड्यांबरोबर बुडण्याची ही वाट फारशी मिळाली नाही. ते बरंचसं वरच्याच पाण्यात राहिलं आणि प्रवाहांबरोबर पसरत गेलं. त्यातल्या सिझियम-137 चं अर्धं होण्याचा काळ सुमारे 30 वर्षांचा.