मोफत सिम्युलेटर, कुणाच्या संगणकावर?

जून २०१३मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्यातल्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेने एक शर्यत घेतली. संघ २६ होते, पण मैदानात खरा रोबो एकही नव्हता. ‘ॲटलास’ या माणसासारख्या रोबोची संगणकातली प्रतिकृती गाडी चालवत होती, खडबडीत जमीन तुडवत होती, पाण्याची होज जोडून व्हॉल्व्ह फिरवत होती. फ्लोरिडातल्या ‘आयएचएमसी’ या संशोधन संस्थेचा संघ पहिला आला. ही शर्यत ज्या सॉफ्टवेअरच्या आधारावर झाली, ते म्हणजे गॅझिबो हे सिम्युलेटर. ते तेव्हाही मोफत होतं, आजही आहे आणि त्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो.

पण परवाना मोफत आहे म्हणून सॉफ्टवेअर लॅपटॉपवर चालू लागत नाही. रोबोटिक्सकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली ठेच गणिताची लागत नाही, इन्स्टॉलेशनची लागते. शिकवणारे मात्र ती किरकोळ तांत्रिक बाब समजून ‘घरी करून या’ म्हणतात, याची मला खरोखर खंत वाटते. या विद्येत कोण शिरणार आणि कोण दारातूनच परतणार, हे पुष्कळदा तिथेच ठरून जातं.

ही अडचण कुठून आली, हे गॅझिबोच्या जन्मकथेतून कळतं. २००२च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात अँड्र्यू हॉवर्ड आणि त्यांचा विद्यार्थी नेट कोनिग यांनी हे काम हाती घेतलं. इमारतीबाहेरच्या उंचसखल जमिनीवर रोबो कसा वागेल, हे त्यांना पाहायचं होतं. वजन, घर्षण आणि टक्कर यांचं गणित करण्यासाठी त्यांनी रसेल स्मिथ यांचं ‘ओडीई’ हे तयार इंजिन वापरलं. ही रीत पुढेही कायम राहिली : डोळ्यांना दिसतं ते एकच सॉफ्टवेअर, पण त्याच्या तळाशी इतरांनी लिहिलेल्या कितीतरी लायब्रऱ्या असतात. २००९मध्ये कॅलिफोर्नियाच्याच विलो गॅरेज कंपनीत जॉन सू यांनी गॅझिबो ‘रॉस’ला जोडलं. कॅमेरा, चाकं, हात अशा रोबोच्या निरनिराळ्या भागांचे प्रोग्राम एकमेकांशी बोलतात ते रॉसमुळे. विलो गॅरेजचा ‘पीआर-टू’ रोबो उबुंटू लिनक्सवर चालत असे. साहजिकच तयार पॅकेजं सर्वांत आधी आणि सर्वांत नीट तयार झाली ती उबुंटूसाठी. आज विंडोज आणि मॅक वापरणाऱ्यांची जी ओढाताण होते, तिचं मूळ या जुन्या निवडीत आहे.

उबुंटूवर तरी सगळं सरळ आहे का? आहे, पण जोडी जुळली तर. तयार पॅकेज म्हणजे आधीच यंत्रभाषेत उतरवून ठेवलेला प्रोग्राम. तो उतरवताना लायब्रऱ्यांच्या ज्या आवृत्त्या वापरल्या, त्यांच्याशी जुळणाऱ्याच चालवतानाही लागतात. उबुंटू २२.०४मध्ये पायथन ३.१० येतं, २४.०४मध्ये ३.१२. एवढ्याशा फरकानेही पायथनला जोडलेले भाग चालेनासे होतात. म्हणून रॉसच्या दुसऱ्या पिढीची, म्हणजे रॉस-२ची ‘हंबल’ आवृत्ती २२.०४साठी आणि ‘जॅझी’ २४.०४साठी. हंबलसोबत गॅझिबो ‘फोर्ट्रेस’ घ्यायचं, जॅझीसोबत ‘हार्मोनिक’. नव्या लॅपटॉपवर हौसेने २४.०४ टाकून जुन्या पाठात दिलेलं हंबल मागितलं, तर ‘पॅकेज सापडत नाही’ एवढंच उत्तर मिळतं. विद्यार्थी कमांड पुन्हा पुन्हा तपासत बसतो. कमांड बरोबरच असते, चुकलेली असते ती जोडी. हे सांगायला शिक्षकाला पाच मिनिटं पुरतील, पण सांगणारा कुणी नसेल तर त्यात आठवडा जातो.

आपल्याकडे अभियांत्रिकीच्या मुलांच्या हाती सहसा विंडोजचा लॅपटॉप असतो आणि कित्येक घरांत तो एकटाच संगणक. त्याची डिस्क विभागून शेजारी उबुंटू बसवणं हा उत्तम मार्ग आहे, पण एक चूक झाली तर घरातल्या सगळ्यांच्या फाइली जातात. ही भीती खरी आहे, तिला हसू नये. विंडोजच्या पोटात खरं लिनक्स कर्नल चालवणारी ‘डब्ल्यूएसएल-२’ ही सोय मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये जाहीर केली. पुढे विंडोज ११सोबत लिनक्सच्या चित्रमय खिडक्याही त्यात थेट उघडू लागल्या आणि गॅझिबो शिकणाऱ्यांना मोठा दिलासा मिळाला. यात दोन खाचखळगे लक्षात ठेवावेत. एनव्हिडिया कार्डाचा ड्रायव्हर विंडोजच्या बाजूला टाकायचा, आतल्या उबुंटूत लिनक्सचा डिस्प्ले ड्रायव्हर टाकायचा नाही. दुसरं म्हणजे यूएसबीला जोडलेला लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) किंवा मायक्रोकंट्रोलर आतल्या लिनक्सला आपोआप दिसत नाही. तो ‘यूएसबीआयपीडी’ या वेगळ्या प्रोग्रामने आत द्यावा लागतो. नुसतं सिम्युलेशन करणाऱ्याला याची गरज पडत नाही. खरा रोबो जोडायची वेळ आली की मात्र पडते.

मॅकचं दुखणं वेगळं. २०१५पासून ॲपलने यंत्रणेच्या फाइलींना जे सुरक्षाकवच घातलं, ते लायब्रऱ्या कुठे शोधायच्या हे सांगणारी काही चलं मध्येच गाळून टाकतं, आणि रॉस-२ त्यांच्यावरच विसंबून होतं. २०१८मध्ये ॲपलने ओपनजीएल ही चित्रप्रणाली कालबाह्य ठरवली. २०२०मध्ये प्रोसेसरही बदलला. गॅझिबो ‘होमब्रू’ या पॅकेज-व्यवस्थेतून मॅकवर येतं, मात्र गणित करणारा भाग आणि खिडकी दाखवणारा भाग दोन वेगळ्या टर्मिनलांतून सुरू करावे लागतात. रॉस-२ तर अधिकृत मार्गाने जायचं झालं तर मॅकवर स्वतः कोडपासून बांधून घ्यावं लागतं.

या भिंतीला भगदाड पाडणारं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम म्हणजे ‘रोबोस्टॅक’. रॉसची पॅकेजं त्यांच्या सगळ्या लायब्रऱ्यांसकट ‘कोंडा’ या व्यवस्थेत बांधली जातात आणि एका स्वतंत्र फोल्डरात उतरतात, मग संगणक लिनक्सचा असो, विंडोजचा की मॅकचा. मूळ यंत्रणेला धक्का लागत नाही. प्रयोग फसला तर फोल्डर पुसून टाकायचा. हे काम रोबो चालताना दिसावा इतकं नेत्रदीपक नाही, पण त्याने किती जणांसाठी दार उघडलं याचा विचार करून पाहावा.

दुसरी वाट ‘वेबोट्स’ या वेगळ्या सिम्युलेटरची. १९९६मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात ऑलिव्हिए मिशेल यांनी ते सुरू केलं. बरीच वर्षं ते विकत घ्यावं लागे. डिसेंबर २०१८मध्ये ते खुलं झालं. तिन्ही प्रणालींसाठी त्याचा तयार इन्स्टॉलर मिळतो, कारण लागणाऱ्या बहुतेक लायब्रऱ्या ते सोबतच घेऊन येतं. पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी तेच सुचवेन. उलट एनव्हिडियाच्या ‘आयझॅक सिम’ या सिम्युलेटरला आरटीएक्स जातीचं ग्राफिक्स कार्ड लागतं. तिथे दार इन्स्टॉलेशनच्याही आधी, दुकानाच्या बिलापाशीच बंद होतं.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. पवईच्या आयआयटी मुंबईतल्या, प्रा. कवी आर्य यांच्या नेतृत्वाखालच्या ‘ई-यंत्र’ उपक्रमाने देशभरच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना स्पर्धेतून रोबो हाताळायला दिले. कोरोनाच्या काळात महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना कुलूप लागलं, तेव्हा स्पर्धेचे अनेक विषय गॅझिबो आणि ‘कॉपेलियासिम’ या सिम्युलेटरांवर बेतलेले होते. अशा वेळी घरचा लॅपटॉप हीच प्रयोगशाळा, आणि त्यात सिम्युलेटर उतरलं नाही तर विद्यार्थी स्पर्धेबाहेर. म्हणून माझी महाविद्यालयांना कळकळीची विनंती आहे : अभ्यासक्रमातली पहिली दोन प्रात्यक्षिकं इन्स्टॉलेशनलाच द्या, आणि वरच्या वर्गातल्या मुलांना त्या तासांना मदतीला बसवा.

जुने पाठ वापरताना मात्र सावध राहावं. पूर्वीचं गॅझिबो आता ‘क्लासिक’ म्हणून ओळखलं जातं आणि त्याची देखभाल जानेवारी २०२५मध्ये संपली. नव्याने लिहिलेलं गॅझिबो काही वर्षं ‘इग्निशन’ नावाने निघत होतं, २०२२मध्ये ते पुन्हा गॅझिबो झालं. त्यामुळे एकाच नावाखाली दोन वेगळ्या सॉफ्टवेअरच्या सूचना सापडतात. सूचनेत ‘इग्निशन’ किंवा ‘क्लासिक’ दिसलं तर ती कोणत्या वर्षाची आहे, हे आधी पाहावं.

खिडकी उघडली म्हणजे इन्स्टॉलेशन पार पडलं, असंही धरू नये. कॅमेरा किंवा लायडार बसवलेला रोबो उघडून सिम्युलेशन सुरू करावं आणि खालच्या कोपऱ्यातली टक्केवारी पाहावी. ती १००च्या आसपास असेल तर सिम्युलेशनमधला एक सेकंद घड्याळाच्या एका सेकंदात होतो आहे. ३०च्या घरात असेल तर चित्र काढायचं काम कोण करतंय हे तपासावं. यंत्रणेच्या माहितीत ‘एलएलव्हीएमपाइप’ हे नाव आलं, तर ग्राफिक्स कार्ड नुसतं बसून आहे आणि सगळा भार प्रोसेसर वाहतो आहे. मग गॅझिबो काढून पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये, आधी ड्रायव्हर दुरुस्त करावा.