दोन कवितांची तुलना करायचीय? गाईड मिटा, शेत आठवा

दहावी-बारावीच्या मराठीच्या पेपरात रसग्रहण आलं की बरीच पोरं एक ठरलेलं वाक्य लिहितात, ‘कवीने निसर्गाचे सुंदर वर्णन केले आहे.’ हे वाक्य कुठल्याही कवितेखाली चिकटतं, म्हणूनच ते बिनकामाचं. कसोटी साधी आहे. कवितेचं नाव बदललं तरी वाक्य तसंच चालत असेल, तर ते खोडायचं.

रसग्रहणाला आशय, काव्यसौंदर्य आणि भाषा असे मुद्दे असतात. म्हणजे काय सांगितलं, कसं सांगितलं अन् कोणत्या शब्दांत सांगितलं. पोरं पहिल्यातच पान भरून मोकळी होतात. तुलनेतही तेच, आधी एकीचा सारांश, मग दुसरीचा. त्याऐवजी एकच मुद्दा धरून दोन्ही कविता त्याच्यासमोर उभ्या करायच्या.

बहिणाबाई चौधरी आणि ना. धों. महानोर घ्या. दोघंही मातीतले. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्या गाणी रचायच्या. त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. महानोर अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे शेतकरी. त्यांच्या ‘रानातल्या कविता’ १९६७ साली आल्या.

आता मुद्दा धरा : शेतात दिसलेली गोष्ट कविता कुठवर नेते? बहिणाबाई झाडाला टांगलेला सुगरणीचा खोपा बघतात आणि थेट माणसाकडे वळतात. पाखराजवळ नुसती चोच, तुला तर देवानं दोन हात दिले. महानोरांची कविता बहुतेक वेळा रानातून बाहेर पडतच नाही. पाऊस, पीक, बाई, प्रेम सगळं एकमेकांत मिसळतं. तिथं उपदेश शोधत बसलं तर हाती काही लागत नाही. एवढा फरक चार ओळींत लिहिला तरी उत्तर गाईडपेक्षा वेगळं दिसतं.

गावच्या पोरानं विहिरीवरच्या बाभळीला असे खोपे पाहिलेले असतात. खरं तर खोपा विणतो नर. म्हणून कविता चुकली का? नाही. बहिणाबाईंना पिलांसाठी राबणारी आई दाखवायचीय, आणि आपल्याकडं त्या पाखराचं नावच मुळी सुगरण आहे. असं निरीक्षण उत्तरात आलं तर वाचणाऱ्याला कळतं की पोरानं स्वतः विचार केलाय.

भाषेचा मुद्दा मात्र सांभाळून. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली. तिथं ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. तिला ‘अशुद्ध’ लिहू नका. त्या भागात घराघरात बोलली जाणारी ती भाषा आहे, अन् कवितेतला गोडवा बराचसा तिच्यातूनच येतो.

नुसतं ‘लयबद्ध’ लिहूनही भागत नाही. बहिणाबाईंची ओवी जात्याच्या फेऱ्याशी जुळते. महानोरांची लय गाण्याकडं झुकते. ‘जैत रे जैत’ या १९७७ च्या सिनेमातली गाणी त्यांचीच. फरक कानानं पकडायचा तर दोन्ही कविता घरात मोठ्यानं म्हणा. आजी असेल तर तिला जात्यावरची एखादी ओवी म्हणायला सांगा, अन् हात कुठं फिरतो, श्वास कुठं घेते ते बघा.