नामजोशींचं लिबर्टी

मरीन लाइन्सला उतरून बॉम्बे हॉस्पिटलकडे निघालं की वाटेत एका मनोऱ्यावर एकाखाली एक रचलेली अक्षरं दिसतात. लिबर्टी. पायाभरणी १९४७ ची, त्यामुळे या नावाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

तोवर दक्षिण मुंबईतली झकपक थिएटरं इंग्रजी चित्रपटांची. रीगल १९३३ चं, इरॉस आणि मेट्रो १९३८ ची. हिंदी चित्रपट बघायचा तर ग्रँट रोड, लॅमिंग्टन रोड गाठायचा. हबीब हुसेन यांनी ठरवलं, याच भागात तोलामोलाचं थिएटर उभारायचं आणि त्यात हिंदीच चित्रपट लावायचे. २१ मार्च १९४९ ला मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’ने पडदा उघडला. दिलीपकुमार आणि राज कपूर एकत्र आले ते त्या एकाच चित्रपटात.

इमारत रिडली अ‍ॅबट यांची, ती पुरी केली जे. बी. फर्नांडिस यांनी. पण बघायचं ते आत, आणि आतलं सगळं वामन नामजोशी यांचं. सुमारे बाराशे खुर्च्यांचं हे प्रेक्षागृह, पण भिंतींना लाकूड इतकं की एखाद्या मोठ्या तंतुवाद्याच्या पोटात बसल्यासारखं वाटतं. ते लाकूड नुसतं शोभेचं नाही, आवाज घुमू नये ही कामगिरीही त्याच्याकडे आहे. पडद्याच्या दोन्ही अंगांना कारंजी आहेत, पाण्याची नव्हे, गिलाव्याची. धारा वर उसळून वळल्या आणि तिथेच थिजल्या. आतून दिवा लागला की त्या उजळतात. थाट जरा जास्तच आहे, हे मान्य. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला खेळ सुरू होण्याआधीच काहीतरी मिळायला हवं, हा त्या काळचा हिशेब होता आणि मला तो पटतो.

‘मदर इंडिया’ १९५७ मध्ये इथेच झळकला. १९९४ चा ‘हम आपके हैं कौन’ तर शंभराहून अधिक आठवडे हलला नाही.

मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिरातून ‘दिलवाले दुल्हनिया’ वर्षानुवर्षं उतरला नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ते थिएटरही नामजोशींचंच, १९५८ चं. जयपूरला गेलेली मराठी मंडळी हवामहालानंतर हमखास राजमंदिर सिनेमा बघून येतात, त्याच्या मेरिंग्यूसारख्या दर्शनी भागासमोर फोटो काढतात. १९७६ साली उघडलेलं ते थिएटरही याच माणसाचं.