सेलाफील्डची कोठारं उपसताना

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या सेलाफील्डमध्ये 1950च्या दशकात बॉम्बसाठी प्लुटोनियम बनवलं जात होतं. वापरलेल्या इंधनकांड्यांची धातूची आवरणं सहा कप्प्यांच्या उंच काँक्रीट कोठारात वरून टाकली जात. ती पुन्हा बाहेर काढायची सोय मात्र कोणीच केली नव्हती! आतल्या काही धातूंना हवेत आग लागू शकते, म्हणून कोठारात आरगॉन हा निष्क्रिय वायू भरून ठेवला. मग भिंतीत भोकं पाडून जाड पोलादी दारं बसवली. अखेर 2023मध्ये दूरनियंत्रित यंत्राच्या पंज्यानं पहिला कचरा उचलला आणि तो पोलादी पेटीत बंद झाला.

दुसऱ्या एका कोठारात कचरा पाण्याखाली आहे. तिथं कचऱ्यातलं मॅग्नेशियम गंजून हायड्रोजन तयार होतो, शिवाय किरणोत्सारी पाणी जमिनीत झिरपतंय. तिथला उपसा 2022मध्ये सुरू झाला.

ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या 2024च्या अहवालानुसार संपूर्ण सेलाफील्डची सफाई 2125पर्यंत चालेल. अंदाजित खर्च आहे 136 अब्ज पौंड. म्हणूनच अणुप्रकल्प मोडायचा कसा आणि त्याचा कचरा काढायचा कसा, हे बांधकामाच्या आराखड्यातच ठरलं पाहिजे. आपला भार पुढच्या पिढ्यांवर टाकण्याचा हक्क आपल्याला नाही.